बर्फाच्या देशातली लेक

लेक कितीही मोठी झाली, तरी आईच्या ट्रंकेत तिचे एखादे लहानपणीचे झबले असतेच. घर आवरायला काढले की ते हाती लागते आणि मग हातातले काम तिथेच राहते. आज आम्ही आमच्या वाचक भगिनींना अशाच एका आईची गोष्ट सांगणार आहोत. या आईच्या लेकीचे पहिले झबले मात्र कापडाचे नव्हते. ते केसाळ कातड्याचे होते आणि ते शिवले होते उत्तर ध्रुवाकडच्या एका बाईने. त्या बाईचे नाव आनिघितो. आईने ते नाव आपल्या लेकीला दिले आणि लेकीने ते जन्मभर सांभाळले.

आईचे नाव जोसेफिन पीअरी. लेकीचे नाव मेरी आनिघितो पीअरी. जगाने या लेकीला 'हिमबालिका' म्हणून ओळखले. आई ब्याण्णव वर्षे जगली. लेक लहान असताना आईने तिच्यावर पुस्तक लिहिले आणि लेक मोठी होऊन पुन्हा त्याच बर्फात गेलेलीही आईने पाहिली. ही गोष्ट सांगताना आम्हाला आणखी एका लेकीची आणि तिच्या बापाचीही गोष्ट सांगावी लागणार आहे. कारण पहिली गोष्ट दुसरीवाचून पुरी होत नाही.

नोकरी करणारी मुलगी

जोसेफिनचा जन्म १८६३ सालचा. जर्मनीतून अमेरिकेत आलेले तिचे कुटुंब. वडील वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या मोठ्या संस्थेत कामाला होते. जोसेफिन शिकली आणि त्याच संस्थेत तिनेही नोकरी केली. त्या काळात मुलीने कचेरीत जाऊन पगार आणणे ही साधी गोष्ट नव्हती.

१८८८ साली तिचे लग्न रॉबर्ट पीअरी या नौदलातील इंजिनिअरशी झाले. पीअरीला एकच ध्यास होता. पृथ्वीच्या उत्तर टोकावर, जिथे माणसाचे पाऊल पडले नाही तिथे, आपण आधी पोहोचायचे. नवऱ्याने मोहिमेवर जावे आणि बायकोने घरी वाट पाहावी, हे जोसेफिनला पटले नाही. १८९१ साली ती त्याच्याबरोबर ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्याला गेली. जाताना जहाजावरच पीअरीचा पाय मोडला. त्याची शुश्रूषा करीत तिने तिथला पहिला हिवाळा काढला. बंदूक चालवायला ती शिकली. परत आल्यावर त्या वर्षाची रोजनिशी तिने १८९३ साली पुस्तकरूपाने छापली.

हा प्रदेश कसा आहे, हे वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. तिथे ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यावरच पुन्हा दिसतो. मधले साडेतीन महिने काळोख. उन्हाळ्यात उलट, सूर्य महिनोन् महिने मावळतच नाही. थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरते. झाड नाही, शेत नाही. समुद्रही गोठून रस्ता होतो.

आणि तरीही तिथे माणसे राहतात. त्यांना पूर्वी सगळे जग एस्किमो म्हणे. ती स्वतःला इनुइट म्हणतात. इनुइट म्हणजे 'माणसे'. ग्रीनलंडच्या या टोकाला त्या काळी त्यांची वस्ती जेमतेम अडीचशे होती. सील, वॉलरस, अस्वल यांची शिकार हे त्यांचे अन्न. सीलच्या चरबीचा दगडी दिवा हीच चूल आणि हाच उजेड. कुत्र्यांच्या घसरगाड्या हे वाहन. पुरुष शिकार आणायचे. पण कातडे कमावून, दातांनी चावून चावून मऊ करून, जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने शिवून अंगावर घालण्याजोगे करायचे ते बायकांनीच. एखादा टाका सैल पडला तर थंडी आत शिरते आणि शिकारीला गेलेला माणूस परत येत नाही. तिथे सुई चांगली चालणे म्हणजे जीव वाचणे.

काळोखात जन्म

१८९३ साली जोसेफिन पुन्हा निघाली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. लोकांनी नावे ठेवली. अशा अवस्थेत बाई बर्फात जाते, हिला वेड लागले आहे, असे म्हणणारे कमी नव्हते. पण ती गेली. एक दाई बरोबर घेतली होती. बोडोइन नावाच्या खाडीकाठी लाकडाचे घर उभे राहिले आणि तिथे १२ सप्टेंबर १८९३ रोजी मुलगी झाली. इतक्या उत्तरेला गोऱ्या आईबापांचे मूल त्यापूर्वी जन्मलेले कुणाला ठाऊक नव्हते.

बातमी पसरली. दूरदूरच्या वस्त्यांवरून इनुइट बाया-माणसे बाळ बघायला आली. इतके गोरे मूल त्यांनी पाहिले नव्हते. हे बर्फाचेच केले आहे की काय, म्हणून त्यांनी बाळाला हात लावून पाहिला. ते ऊबदार लागले तेव्हा त्यांची खात्री पटली. त्यांनीच तिचे नाव ठेवले, हिमबालिका. आईने पहिले नाव आपल्या बहिणीचे ठेवले आणि दुसरे नाव जिने बाळासाठी पहिला कातडी पोशाख शिवला त्या बाईचे. असे हे नाव झाले, मेरी आनिघितो.

महिन्या-दीड महिन्यात सूर्य गेला. बाळाचे पुढचे दिवस दिव्याच्या उजेडात गेले. भिंतींना कांबळी लावलेल्या लहानशा खोलीत ते वाढले. फेब्रुवारीत सूर्य परत आला आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आत पडली. पाच महिन्यांच्या मेरीने ती तिरीप धरायला हात पुढे केला. तिच्या आठवणीतले ते पहिले ऊन नसेल, पण आईच्या आठवणीत ते कायमचे राहिले. पुढे आईने ते लिहून ठेवले.

वॉशिंग्टनला आलेली दुसरी मुलगी

१८९४ सालच्या उन्हाळ्यात जोसेफिन बाळाला घेऊन घरी निघाली. पीअरी मागे राहिला. त्याच्याबरोबर दोघेच राहिले, त्यातला एक मॅथ्यू हेन्सन. हेन्सन काळ्या वर्णाचा होता. तो इनुइट भाषा बोलायचा आणि घसरगाडी त्या लोकांसारखी हाकायचा. १९०९ साली पीअरीने ध्रुव गाठल्याचे जाहीर केले, तेव्हा हेन्सन आणि चार इनुइट शिकारी त्याच्याबरोबर होते. पीअरी खरोखर नेमक्या ध्रुवावर पोहोचला का, याविषयी आज अनेक अभ्यासक शंका घेतात. पण पोहोचण्याचा मान वाटला गेला तेव्हा हेन्सनच्या वाट्याला फारसे काही आले नाही, यात शंका नाही. तो १९५५ साली वारला आणि साध्या कबरीत गेला. १९८८ साली त्याचे अवशेष अमेरिकेच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत, पीअरीच्या कबरीजवळ, सन्मानाने नेण्यात आले.

जोसेफिन परतली तेव्हा जहाजावर तिच्या बाळाशिवाय आणखी एक मुलगी होती. तिचे नाव एकारिउसाक. वय बारा-तेरा वर्षांचे. तिला 'बिली बाह' म्हणू लागले. ही इनुइट पोर एक वर्ष वॉशिंग्टनला पीअरींच्या घरी राहिली. जिने झाड पाहिले नव्हते, घोडा पाहिला नव्हता, तिने शहर पाहिले. बाळ मेरीच्या अवतीभवती ती वावरली.

त्या वर्षी जोसेफिनपुढे मोठे संकट होते. नवऱ्याला आणायला जहाज पाठवायचे तर पैसा नाही. ही बाई भाषणे देत, संस्थांचे आणि धनिकांचे दरवाजे ठोठावत फिरली आणि तिने पैसा उभा केला. १८९५ साली 'काइट' हे जहाज उत्तरेला गेले. त्याच जहाजातून एकारिउसाक आपल्या माणसांत परत गेली. त्याच जहाजाने पीअरीही घरी आला.

एकारिउसाकच्या बापाचे नाव नुक्ताक. लेक एवढ्या लांब परमुलखात गेली आणि वर्षाने धडधाकट परत आली, हे त्याने पाहिले. त्या घरात काय आनंद झाला असेल ते आम्ही सांगायला नको. पण याच आनंदातून पुढे त्याचा विश्वास बसला असावा, असे आम्हाला वाटते. आणि त्या विश्वासाची किंमत फार मोठी पडली.

तो अवजड दगड

ग्रीनलंडच्या केप यॉर्कजवळ आकाशातून पडलेले लोखंडाचे तीन मोठे दगड होते. इनुइट लोक पिढ्यान् पिढ्या त्यांचे कपचे काढून सुऱ्या आणि भाल्यांची टोके करीत. लाकूड नाही, धातू नाही, अशा मुलखात तो दगड म्हणजे त्यांची खाणच होती. पीअरीने दोन दगड आधी नेले. सर्वांत मोठा, एकतीस टनांचा, १८९७ साली 'होप' या जहाजावर चढवला. त्या वेळी जोसेफिन आणि चार वर्षांची होत आलेली मेरीही बरोबर होती. दगडावर मद्याची बाटली फोडून मेरीने त्याला स्वतःचेच नाव दिले, आनिघितो. पुढे हे दगड चाळीस हजार डॉलरना न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाला विकले गेले. तो मोठा दगड आजही तिथेच आहे.

त्याच जहाजातून पीअरीने सहा इनुइट माणसे अमेरिकेत आणली. त्यांत नुक्ताक होता, त्याची बायको आतांगाना होती आणि आविआक ही लहान मुलगी होती. किसुक नावाचा शिकारी आणि त्याचा लहान मुलगा मिनिक होता. उइसाकासाक नावाचा एक तरुण होता. बंदरात हजारो लोक त्यांना बघायला लोटले. मग त्यांना संग्रहालयाच्या तळघरात ठेवण्यात आले. ज्या हवेची त्यांच्या छातीला सवय नव्हती त्या हवेत ती आजारी पडली. १८९८ सालच्या पहिल्या काही महिन्यांत किसुक, आतांगाना, नुक्ताक आणि आविआक हे चौघेही फुप्फुसाच्या आजाराने गेले.

उइसाकासाक त्याच साली परत गेला. आकाशाला टेकलेली घरे पाहिली, असे तो सांगू लागला तेव्हा त्याचीच माणसे त्याला लबाड म्हणू लागली. मिनिक न्यूयॉर्कमध्येच वाढला. बापाला पुरले असे त्याला दाखवण्यात आले होते, पण ते पुरणे खोटे होते. बापाची हाडे संग्रहालयात ठेवलेली आहेत हे त्याला पुढे कळले. त्याने ती मागितली, ती मिळाली नाहीत.

आणि तिकडे बर्फात, परमुलखातून परत आलेली एकारिउसाक बापाची, आतांगानाची आणि धाकट्या बहिणीची वाट पाहत राहिली. तिच्या घरचे कुणीच परत आले नाही.

बर्फात अडकलेले जहाज

मेरीच्या गोष्टीकडे परत येऊ. १८९८ साली पीअरी चार वर्षांसाठी उत्तरेला गेला. मागे १८९९ च्या जानेवारीत जोसेफिनला दुसरी मुलगी झाली. तिचे नाव फ्रान्सीन. ती सात महिन्यांची होऊन वारली. बापाने तिचे तोंडही पाहिले नाही. त्याच वर्षी हिमदंशाने पीअरीच्या पायांची बहुतेक बोटे गेली होती.

१९०० सालच्या उन्हाळ्यात जोसेफिन सात वर्षांच्या होत आलेल्या मेरीला घेऊन 'विंडवर्ड' जहाजाने नवऱ्याला भेटायला निघाली. जहाज केप सेबाइनजवळ बर्फात अडकले. पीअरी तिथून सुमारे चारशे किलोमीटर उत्तरेला होता आणि बायको-मुलगी इतक्या जवळ आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. सगळा हिवाळा मायलेकींनी त्या अडकलेल्या जहाजावर काढला.

याच प्रवासात जोसेफिनला एक गोष्ट कळली. आलेकासिना नावाची इनुइट तरुणी आपले मूल घेऊन तिथे होती आणि ते मूल पीअरीचे होते. एक मूल नुकतेच मातीआड केलेल्या बाईला हे किती लागले असेल! तिने नवऱ्याला पत्र लिहून ठेवले. इथे काय आहे हे आधी ठाऊक असते तर मी आलेच नसते, अशा अर्थाचे तिचे शब्द आहेत. पण जहाज हलत नव्हते आणि परत जाण्याची वाट नव्हती. लेक समोर होती. आईने दुःख आत ठेवले आणि लेकीचा हिवाळा वाया जाऊ दिला नाही. रोज धडे, मग बर्फावरच्या घसरगुंड्या, इनुइट मुलांशी खेळ, काळोखातला नाताळ. मेरीसाठी तो आयुष्यातला आनंदाचा हिवाळा ठरला.

तिथे एकारिउसाक पुन्हा भेटली. आता ती संसारी बाई झाली होती. वॉशिंग्टनला जिला तिने तान्ही पाहिली होती, ती मेरी आता धावत होती, बोलत होती. या भेटीचे वर्णन आईच्या पुस्तकात 'बिली बाह' या नावाने येते. ज्या जहाजवाल्या कुटुंबामुळे आपला बाप गेला त्याच कुटुंबाच्या मुलीजवळ ती बसली असेल तेव्हा तिच्या मनात काय आले असेल? ते मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही. आम्हाला या सगळ्या गोष्टीत हीच जागा सर्वांत जास्त टोचते.

१९०१ च्या मे महिन्याच्या ६ तारखेला, पीअरीच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, बाप-लेकीची भेट झाली. त्याच साली जोसेफिनने 'द स्नो बेबी' हे मुलांसाठीचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९०३ साली 'चिल्ड्रन ऑफ द आर्क्टिक'. या दुसऱ्या पुस्तकावर लेखक म्हणून मायलेकी दोघींची नावे आली. नवऱ्याच्या मोहिमांच्या धबडग्यात आईने लेकीचे बालपण असे कागदावर वाचवून ठेवले.

मोठी झालेली लेक

मेरी वाढत गेली तसा बाप तिला फोटोतच जास्त भेटला. फोटो बघून बघून मी कंटाळले, मला बाप स्वतः बघायचा आहे, लोकांना मी पोरकी वाटेन, अशा अर्थाचे पत्र तिने बापाला लिहिले होते. अशी मुलगी मोठी झाल्यावर बर्फाचे नावही काढणार नाही, असे कुणालाही वाटेल. पण तसे झाले नाही. बापाच्या गैरहजेरीचा राग तिने त्या मुलखावर आणि तिथल्या माणसांवर काढला नाही. उलट तिचा जीव तिथेच गुंतलेला राहिला.

१९१७ साली तिचे लग्न झाले. दोन मुलगे झाले. १९२० साली पीअरी वारला. संसार सांभाळून मेरी लिहू लागली, भाषणे देऊ लागली. बर्फातल्या प्राण्यांच्या आणि मुलांच्या गोष्टी तिने लिहिल्या. १९३४ साली तिने 'स्नोबेबीज ओन स्टोरी' या नावाने स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली. आईने लिहिलेली लेक आता आपल्या शब्दांत बोलू लागली.

त्याआधी दोन वर्षे, १९३२ च्या उन्हाळ्यात, ती परत गेली. वय अडतीस. बरोबर दोन्ही मुलगे. जहाज 'एफी एम. मॉरिसी' आणि कप्तान बापाचा जुना साथी बॉब बार्टलेट. केप यॉर्कच्या उंच कड्यावर पीअरीच्या स्मरणार्थ सुमारे साठ फूट उंचीचा दगडी मनोरा उभारायचा होता. वर साहित्य चढवायला आणि दगड रचायला इनुइट माणसांचे हात लागले. ज्या मुलखातून बापाने लोखंडी दगड नेला होता, तिथेच त्याच्या नावाचे दगड रचले गेले.

त्या वेळी जोसेफिन एकोणसत्तर वर्षांची होती. एकेकाळी लोकांनी नावे ठेवली असताना ती पोटातल्या मुलीला घेऊन त्या किनाऱ्याला गेली होती. आता तीच मुलगी, दोन मुलांची आई होऊन, त्याच वाटेने निघाली होती. मुलीने आपल्या मार्गाने जावे आणि तो मार्ग आपणच तिला दाखवलेला असावा, असे फार थोड्या आयांच्या वाट्याला येते.

१९५५ साली नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने जोसेफिनला पदक देऊन तिच्या स्वतःच्या कामाची नोंद घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेन राज्यातल्या पोर्टलंड गावी ती वारली. मेरी १९७८ पर्यंत जगली. मेन राज्याच्या समुद्रातल्या ईगल बेटावरचे या कुटुंबाचे उन्हाळ्यातले घर पुढे राज्याच्या ताब्यात आले आणि आज लोक ते बघायला जातात. त्या घरात हिमबालिकेची आठवण जपलेली आहे.

दुसऱ्या घरची आठवण

आणि एकारिउसाकच्या घरच्यांचे काय झाले? नुक्ताक, आतांगाना, आविआक आणि किसुक यांची हाडे पंचाण्णव वर्षे न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयात होती. कॅनडातील केन हार्पर या गृहस्थाने इनुइट भाषा शिकून, जुनी कागदपत्रे चाळून मिनिकच्या आयुष्यावर १९८६ साली पुस्तक लिहिले. त्यानंतर लोकांच्या मनाला टोचणी लागली. १९९३ साली ही चारही माणसे परत ग्रीनलंडला आणण्यात आली आणि कानाक या गावी त्यांना माती देण्यात आली. तिथल्या पाटीवर 'ते मायदेशी परतले' अशा अर्थाचे शब्द आहेत.

कानाक गावाचीही एक कथा आहे. १९५३ साली अमेरिकेच्या लष्करी विमानतळासाठी इनुइट लोकांना आपली जुनी वस्ती सोडावी लागली आणि शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला हे नवे गाव वसवावे लागले. म्हणजे मेलेली माणसे परत आली ती जुन्या वस्तीत नव्हे, तर या नव्या गावात.

पीअरीला आलेकासिनाकडून झालेला मुलगा काली आणि हेन्सनला त्याच मुलखात झालेला मुलगा आनाउकाक, हे दोघे १९८६ साली ऐंशी वर्षांचे होते. ॲलन काउंटर हे हार्वर्ड विद्यापीठातले काळ्या समाजाचे प्राध्यापक त्यांना शोधत ग्रीनलंडला गेले आणि १९८७ साली त्यांना अमेरिकेत बापाच्या कबरी दाखवायला घेऊन आले. एका बापाची एक लेक पुस्तकांत, मानसन्मानात वाढली. त्याच बापाचा मुलगा सील मारून म्हातारा झाला आणि जगाला तो आहे हेही ठाऊक नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही ही गोष्ट मेरीला किंवा तिच्या आईला दोष देण्यासाठी सांगितली नाही. बाळ मेरीने काही हिरावून घेतले नव्हते. बाटली फोडणारी चार वर्षांची पोर काय जाणणार! आणि जोसेफिन ही कणखर बाई होती. तिने लेकीला भित्री केली नाही. परक्या माणसांना नावे ठेवायला तिने लेकीला शिकवले नाही, म्हणूनच मेरीला तो मुलूख माहेरासारखा वाटला. आईबापांचे भांडण, बापाची गैरहजेरी, बहिणीचे मरण, या सगळ्यातून ही लेक तो जिव्हाळा सलामत घेऊन बाहेर पडली, हे आईचेच यश आहे.

पण आठवण लिहून ठेवण्याची ताकद एकाच घरात होती. नुक्ताकलाही लेक होती. त्यानेही तिचे पहिले पाऊल, पहिला शब्द पाहिला असेल. त्याच्याजवळ कागद नव्हता आणि छापखाना नव्हता. म्हणून त्याची लेक आपल्याला दुसऱ्यांच्या पुस्तकात, दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाने भेटते. त्याची हाडे परत यायला पंचाण्णव वर्षे लागली, आणि तीही कुणीतरी कागद चाळले म्हणून.

यावरून आम्ही आमच्या घराघरांतल्या आयांना एक विनंती करतो. लेक मोठी झाली, नोकरीला लागली, लांब गेली, तरी तिच्या लहानपणाची एक वही करा. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहून घ्या. आजीला विचारा, ती गेल्यावर विचारायला कुणी उरणार नाही. ती कुठल्या खोलीत जन्मली, त्या रात्री दिवा कुणी धरला, हे लिहा. बाळंतपणाला आलेली सुईण कोण होती, शेजारच्या कुणी कुंची शिवून दिली, जुन्या लुगड्याची गोधडी कुणी घातली, त्यांची नावेही त्याच वहीत लिहा. आपल्या लेकी अशाच पुष्कळ हातांनी वाढलेल्या असतात.

जोसेफिनने एवढे तरी केले होते. जिने तिच्या बाळाला पहिले कपडे शिवले त्या बाईचे नाव तिने लेकीला दिले. त्या नावाचा दगड आज न्यूयॉर्कमध्ये आहे आणि त्या नावाची लेक पुस्तकांत आहे. पण खुद्द आनिघितोविषयी, ती शिवत असे यापलीकडे, या पुस्तकांतून फारसे काही हाती लागत नाही. तिलाही कदाचित एखादी लेक असेल, आणि त्या लेकीने आपल्या आईविषयी काही सांगितलेही असेल. ते ऐकून लिहून घेणारे कुणी त्या वेळी तिथे नव्हते.